किंमत कळलेली गोधडी

तिला सगळे टेलरकाकू म्हणायचे. खरं तर शिलाई मशीनला तिने उभ्या जन्मात हात लावला नव्हता. टेलर होता तिचा नवरा. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, म्हणजे एक मशीन, एक कापायचं लांब टेबल, एक आरसा आणि लोक शिवायला टाकून विसरून गेलेल्या पँटींची एक रांग. त्याला सगळे मास्तर म्हणत. मागच्या खोलीत काकू जमिनीवर बसून हाताने गोधड्या शिवायची. पण गल्लीने तिला नाव दिलं ते नवऱ्याच्या धंद्याचं, आणि तिनेही कधी तक्रार केली नाही.

गोधडी म्हणजे काय भानगड असते ते ज्यांनी कधी शिवली नाही त्यांना वाटतं, चिंध्या घ्या आणि जोडा. एवढं सोपं असतं तर काय हवं होतं. मास्तरांच्या टेबलाखाली पडलेलं कातरण, कुणाचे विटके शर्ट, कुणाच्या फाटक्या चादरी, कुणाचे पडदे, असं सगळं आधी धुवायचं. न धुता जोडलं की पहिल्याच पाण्यात एक तुकडा आकसतो, दुसरा रंग सोडतो आणि सगळी मेहनत पाण्यात. मग वाळवायचं, इस्त्री करायची, रंग एकमेकांशेजारी लावून बघायचे, पसंत पडेपर्यंत परत परत मांडायचे. खाली अस्तर, मधे थर, वर हे तुकडे. सगळं हलू नये म्हणून लांब लांब कच्चे टाके घालायचे. आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा तो फेरी मारत मारत मधल्या ठिपक्यापर्यंत. काकू गोधडीवरच बसायची, एका गुडघ्याने कापड दाबून धरायची आणि मधे पोचेपर्यंत तिची कंबर अगदी मोडून यायची.

एवढं करून ती गोधडी कुणाला तरी देऊन टाकायची. कुणाकडे बाळ झालं, कुणी घर बदललं, कुणी आजारी पडलं की काकूची गोधडी गेलीच. लोक म्हणत, "काकू, काय हात आहे हो तुमचा," आणि बिस्किटांचा पुडा ठेवून जात. मास्तर मशीनवरून मान वर न करता म्हणत, "तेवढाच तिचा वेळ जातो."

माणूस वाईट नव्हता हो. पण हे वाक्य ऐकलं की काकूच्या डोक्यात तिडीक जायची. वेळ जातो म्हणे. बोटांना भोकं पडून जात असेल तर असला वेळ कुणाचाच जाऊ नये. ह्यांनी पँटची झिप बदलली की ते काम, आणि तिने आख्खी गोधडी शिवली की तो विरंगुळा. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी ह्यांच्यासमोर म्हणावं की बाई, हे काम आहे. एवढंच तिला हवं होतं. बाकी पैशाबिशाचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता.

आणि एक दिवस ती बाई आली.

मोठ्या रस्त्यावर हातकामाच्या वस्तूंचं एक दुकान होतं, ते तिचं. कोटाचं अस्तर फाटलं म्हणून ती मास्तरांकडे आली होती. मागच्या दाराबाहेर गॅलरीत तारेवर एक गोधडी वाळत होती. बाई कोट हातात घेऊन सरळ मागच्या खोलीतून बाहेर गेली, गोधडी उलटी केली, टाके बघितले, परत सुलटी केली.

"ही कोणी केली?"

"आमच्या हिने," मास्तर म्हणाले. "आवडली तर न्या की. ढीग पडलाय तिच्याकडे."

"न्या काय? विकत द्या. किंमत सांगा."

मास्तर हसले. "अहो चिंध्यांची आहे ती."

बाईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती दारात उभ्या असलेल्या काकूला म्हणाली, "काकू, तुम्ही सांगा. घाई नाही. पण तोंडाला येईल तो आकडा नको. कापड किती, दोरा किती, तुमचं काम किती, सगळं धरून सांगा. गिऱ्हाईक मला विचारतं एवढी कशी, तर मला त्याला पटवता आलं पाहिजे. कोट न्यायला येईन तेव्हा गोधडी घेऊन जाईन."

तुमचं काम. बाई अगदी सहज बोलून गेली आणि काकू दाराची चौकट धरून उभीच राहिली. चहा विचारायचंही तिला सुचलं नाही.

बाई गेल्यावर मात्र घोडं अडलं. किंमत कशी काढतात? काकूने आयुष्यात कशाची किंमत काढली नव्हती, फक्त दिली होती. कमी सांगितली तर आपल्याच तोंडाने आपण कबूल करतोय की हा विरंगुळा. जास्त सांगितली तर बाई हात जोडून निघून जाणार, आणि मास्तर काही न बोलता मशीन चालवत बसणार, म्हणजे ते बोलण्यापेक्षा वाईट. इकडून बघा नाहीतर तिकडून बघा, नवराच बरोबर ठरत होता. काकू दिवसभर स्वतःशी पुटपुटत हिंडत होती. गॅसवर दूध ठेवून ती ते विसरली आणि ते उतू गेलं, तेव्हा मास्तरांनी मशीन थांबवलं.

"इकडे ये," ते म्हणाले. "हिशेबच करू या. त्यात काय एवढं."

त्यांनी कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि टेबलाच्या काळ्या लाकडावर लिहायला लागले. कापड फुकट. दोरा, चार रिळं. इथपर्यंत ठीक होतं.

"आता वेळ. रोज किती बसतेस?"

"ते कसं सांगू? कधी बसते, कधी उठते."

"टाके घालतेस तेवढाच धर."

"आणि उसवते तो?"

"उसवायचा कसला वेळ? चुकलीस म्हणून उसवलंस. चुकीचे पैसे कोण देतं?"

"तुम्ही मापाला उभं करून माणसाला पुढे मागे फिरवता, तोंडात टाचण्या धरून नुसते बघत बसता, ते शिलाईत धरता की नाही?"

मास्तरांनी खडू परत टेकवला. त्यांनी उसवायचा वेळ लिहिला.

"मग रंग मांडून मी नुसती बघत बसते, तेही घ्या."

"नुसतं बघायचे पैसे?"

"तेच तर अवघड असतं," काकू म्हणाली, आणि मग तिलाच शंका आली. खरंच अवघड असतं का? की तेवढ्यात आपण बसल्या बसल्या दुसराच कसला विचार करत असतो? शेजारणीशी गप्पा मारत टाके घातले तर तो वेळ अर्धा धरायचा का? तिला काही म्हणजे काही समजेना. मास्तरांनी सगळा धरला. मशीनवर रोजाने माणूस ठेवला तर त्याला काय द्यावं लागेल ते त्यांनी गुणलं आणि आलेल्या आकड्याकडे बघून बाहीने तो पुसून टाकला. परत गुणलं. आता आकडा आणखी मोठा आला, कारण पहिल्या वेळी धुणं आणि इस्त्री राहून गेली होती.

तो आकडा मी सांगणार नाही. सांगितला तर तुम्हीही उठून आपल्या घरातल्या गोधड्या मोजायला लागाल, आणि त्याने काय होतं ते आता कळेलच. एवढंच सांगते की मास्तर खडू खाली ठेवून खुर्चीत बसले आणि बायकोकडे बघत राहिले.

"एवढं?" ते म्हणाले. "इतकी वर्षं तू हे एवढं वाटत होतीस?"

त्यांच्या आवाजात राग होता की कौतुक, की नुकसान झाल्याची हळहळ, हे काकूला ओळखता आलं नाही. नवऱ्याच्या चेहऱ्याची घडी न घडी तिला पाठ होती, पण हा चेहरा तिने पाहिला नव्हता.

बाई आली. काकूने पदार्थ जळल्याचं कबूल करावं तशा आवाजात आकडा सांगितला. बाईने मान हलवली, पर्स उघडली आणि मोजून दिले. घासाघीस नाही, काही नाही. वर म्हणाली, "रास्त आहे. आणखी दोन करा माझ्यासाठी. आणि मास्तर, यांना जरा नीट दिवा लावून द्या तिथे, कामाच्या जागी उजेड नको का?"

झालं. जे ऐकायला काकू आयुष्यभर कान टवकारून बसली होती ते मास्तरांच्या समोर, ठणठणीत आवाजात बोललं गेलं. मास्तरांनी त्याच दिवशी दिवा आणला. स्टुलावर चढून स्वतः लावला. काकूला वाटलं आता आपल्याला खूप आनंद होईल. ती त्या नव्या उजेडात बसून आनंदाची वाट बघत राहिली. आला, पण थोडा अवघडून आला.

कारण मास्तर. आता त्यांना कोण आवरणार? ज्या तोंडाने वेळ जातो म्हणत होते त्याच तोंडाने येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आकडा सांगायला लागले. "आमची ही," असं म्हणून सुरुवात, आणि शेवटी आकडा. अभिमानाने नुसते फुगले होते. आठवड्याभरात आकडा गल्लीभर झाला.

पहिला फोन नणंदेचा. "वहिनी, ऐकलं सगळं. छान झालं. पण मला दिलेली एवढीशी का गं? धाकटीला दिलेली डबल बेडची आहे. मी काही म्हणत नाही, आपलं विचारलं." मग बेकरीवाला आला. त्याने काकूची गोधडी कुत्र्याला अंथरायला दिली होती. काकूला ते आधीपासून माहीत होतं आणि तिला त्यात काही वाटलं नव्हतं, कुत्र्याला काय थंडी वाजत नाही? पण आता तो कान पकडून माफी मागत होता आणि कुत्रं बिचारं गोणपाटावर आलं होतं. मास्तरांचा भाचा बस चालवायचा. तो आपली गोधडी घेऊन परस्पर त्या बाईच्या दुकानात विकायला गेला. बाईने डाग बघून परत पाठवलं, तर हा पठ्ठ्या काकूकडे येऊन म्हणतो, "मामी, चहाचे डाग कशाने जातात?"

काकूला रडावं की हसावं ते कळेना. ती तेव्हाही तीच होती, गोधड्याही त्याच होत्या. मग एका आकड्याने सगळ्यांना झालं तरी काय? आणि कहर म्हणजे एका संध्याकाळी ती झोपायच्या खोलीत गेली तर त्यांच्या स्वतःच्या पलंगावरची गोधडी गायब. तिथे बाजारातलं गुळगुळीत ब्लँकेट.

"आपली कुठे गेली?"

"कपाटात ठेवली," मास्तर म्हणाले. "अगं, एवढे पैसे अंगावर घेऊन झोपायचं? मला तर डोळाच लागेना. कूस बदलली की वाटतं, फाटली."

"मी काय विकायला शिवली होती ती?"

"तसं नाही गं. पण किंमत आहे म्हटल्यावर जपायला नको?"

ती त्यांच्याशी भांडणार होती, पण भांडायचं कशावरून? माणूस तिच्या कामाला मान देत होता. तिला हवा होता तसाच. तिने ब्लँकेट पांघरलं. ते सारखं घसरत होतं.

खालच्या मजल्यावर पोस्टमन राहायचा, म्हणजे आता निवृत्त झालेला. काकू त्याला भाऊजी म्हणायची आणि त्याच्या बायकोला वहिनी. अंगावरून वारं गेल्यापासून भाऊजी पलंगालाच खिळले होते. बोलणं तुटक, उजवी बाजू नुसती पडून. दुसऱ्या गोधडीचे पैसे हातात आले त्या दिवशी काकू खाली गेली. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, आणि वहिनी म्हणजे हक्काचं माणूस.

वहिनी स्वयंपाकघरात होती. काकू सरळ पलंगाजवळ गेली. भाऊजींच्या अंगावर एक चकचकीत ब्लँकेट होतं, अर्धं खाली लोंबणारं. पाय उघडे. काकूने पायाला हात लावला आणि तिचा हात आपोआप मागे आला. नळाच्या पाण्यासारखे गार पडले होते.

"वहिनी," तिने हाक मारली, "भाऊजींची गोधडी कुठंय?"

वहिनी हात पुसत आली. तिचा चेहरा उजळला होता. तिने कपाट उघडलं आणि वरच्या फळीवरून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली गोधडी काढून दाखवली. आत डांबरगोळ्याही टाकल्या होत्या.

"बघा, कशी ठेवलीय. मास्तरांनी आकडा सांगितला आणि माझ्या छातीत धस्स झालं. ह्यांच्या अंगावर औषध सांडतं, सूप सांडतं, कधी अंथरूणही ओलं होतं, तुम्हाला ठाऊक आहे. असली महागाची वस्तू मी ह्यांच्या अंगावर टाकत होते. आम्ही काही तुमचे पैसे फेडू शकणार नाही काकू, निदान वस्तू तरी जपू."

काकू त्या पिशवीकडे बघत होती. दुकानातल्या बाईला दिल्या त्या दोन्ही गोधड्या हिच्यापुढे काहीच नव्हत्या, हे फक्त तिलाच माहीत होतं. धडधाकट होते तेव्हा भाऊजी एकदा जिन्यात टेकून म्हणाले होते, आयुष्यभर लोकांचे जिने चढलो, पण पाय काही कधी गरम होत नाहीत बघा. ते तिच्या लक्षात राहिलं होतं. म्हणून ही गोधडी तिने गुडघ्यांपर्यंत पातळ ठेवली होती, आजारी अंगाला भार होऊ नये अशी, आणि पायांकडच्या टोकाला जास्तीचे थर घातले होते. ते थर वरच्या पातळ भागात कळत नकळत मिसळावेत म्हणून तिने ते टोक दोनदा उसवून परत शिवलं होतं. मास्तरांच्या खडूला हे सापडलंच नसतं.

"वहिनी, पांघरायला दिलीय ती. मळली तर मी धुऊन देईन."

"छे छे. धुऊन रंग उतरला म्हणजे? नाही हो, माझा जीव नाही होत."

"फाटली तर दुसरी देईन."

"आणखी दुसरी?" वहिनी दोन पावलं मागे सरकली. "काकू, आधीच ह्या उपकाराने मला झोप नाही. तुम्ही आम्हाला एवढं दिलंत आणि मी तुमच्या हातावर बिस्किटं ठेवली. लाज वाटते मला."

तिचे डोळे भरून आले होते. ती खरंच मनापासून बोलत होती, आणि मागे पलंगावर भाऊजींचा डावा पाय उजव्याला घासून ऊब शोधत होता. काकूचं डोकं चालेनासं झालं. जे मिळावं म्हणून तिने इतकी वर्षं वाट बघितली तेच ही बाई तिच्यापुढे ओंजळ भरून धरत होती. ती ओंजळ घ्यावी तर हा माणूस गारठतोय. दोन्ही एकदम हातात येईल असं काहीतरी असलंच पाहिजे, असं तिला वाटत राहिलं, पण ते काय ते तिला सापडेना. तिने एकदा कपाटाकडे बघितलं, एकदा त्या पायांकडे.

"अहो, कसला उपकार घेऊन बसलात," ती म्हणाली. "तो आकडा नव्या गोधड्यांचा. ही कुठे तसली? ही आपली उरल्यासुरल्या तुकड्यांची. बसल्या बसल्या टाके घातले झालं. हिला दुकानात कोण विचारणार?"

"खरं सांगता?"

"खरंच सांगते. हिला काही किंमत नाही."

तिला वाटलं, वहिनी आता म्हणेल, काहीतरीच काय काकू, मला काय कळत नाही? ती ते वाक्य ऐकायला अगदी थांबून राहिली होती. पण वहिनीने मोठा श्वास सोडला. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखी ती हसली आणि पिशवीची गाठ सोडायला लागली.

"तरीच," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं हो. एका टोकाला केवढी जाड झालीय बघा, आणि इकडे पार पातळ. पण दिलेल्या वस्तूला नावं कशाला ठेवा, म्हणून मी बोलले नाही."

काकूने हात पुढे केला आणि गोधडी घेतली. डांबरगोळ्या जमिनीवर पडून इकडे तिकडे घरंगळल्या. वहिनी त्या वेचायला वाकली.

"हो," काकू म्हणाली. "तिथे चुकलंच माझं."

तिने जाड टोक पायांकडे घेतलं, भाऊजींचे दोन्ही पाय त्यात गुंडाळले आणि ते गरम होईपर्यंत वर हात ठेवून तिथेच बसून राहिली.